रोजच्या ऑफिसला कोणती रोड बाइक?

प्रश्न: माझं ऑफिस घरापासून 9 किलोमीटर आहे. पाठीवर लॅपटॉप असतो आणि पावसातही सायकलनेच जायचं आहे. बजेट बेताचं. मित्र त्याची जुनी कार्बन फ्रेमची रेसिंग सायकल स्वस्तात देतोय. जवळपास तेवढ्याच पैशांत अ‍ॅल्युमिनियमची नवी, मागे 8 गिअर असलेली रोड बाइक मिळतेय. कोणती घेऊ?

उत्तर: नवी घ्या. पण पैसे देण्याआधी तिच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसा आणि टायर व फ्रेम यांच्यामधली फट बघा. तिथे 32 मिलिमीटरचा टायर आणि वर मडगार्ड मावलं पाहिजे. मावत नसेल तर तीही नको.

मी सायकली दुरुस्त करते. अरुंद टायरच्या सायकलींची एक तक्रार सतत येते: चाक खड्ड्याच्या कडेवर आपटतं, रिमखाली ट्यूब चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. ते टाळायला 23 च्या टायरमध्ये 100 पीएसआयच्या आसपास हवा ठासावी लागते, मग प्रत्येक हादरा थेट मनगटात आणि मानेत. 32 च्या टायरला साधारण 60 पुरते, तुमच्या वजनाप्रमाणे थोडी कमी-जास्त. खडबडीत रस्त्यावर त्याने वेग कमी होईल, ही भीती सोडून द्या.

मित्राच्या सायकलला बहुधा 25 च्या पुढचा टायर बसणार नाही. मडगार्ड आणि कॅरिअर कसायला फ्रेमवर भोकंही नसतील, म्हणजे लॅपटॉप कायम पाठीवरच. शिवाय कार्बनला मार बसला असेल तर आतली इजा वरून दिसतेच असं नाही.

8 गिअर कमी वाटून घेऊ नका. त्यांची चेन आणि कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) स्वस्त असतात, सेटिंग जरा हललं तरी सांभाळून घेतात. पेडलपाशी 50 आणि 34 दात्यांची दोन चक्रं आणि मागचं सर्वांत मोठं चक्र 32 दात्यांचं असेल, तर सामानासकट चढही बसून काढता येतो. केबलचे डिस्क ब्रेक मिळाले तर उत्तम; रिमला चिमटणारा रिम ब्रेक पावसात ओल्या रिमवर उशिरा धरतो.

मापाबाबत मात्र अजिबात तडजोड नको. सवलतीत एक नंबर मोठी फ्रेम गळ्यात मारली जाते आणि लोक ती घेतात, याचं मला फार वाईट वाटतं. सीट वर-खाली करता येते, फ्रेमची लांबी नाही. स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा आखूड दांडा, बदलून थोडाच फरक पडतो. ब्रेकच्या मुठींवर हात ठेवून बसा. कोपर किंचित वाकलेले राहायला हवेत. ते ताठ होत असतील तर लहान माप मागा. मडगार्ड, दिवे, कुलूप आणि प्रेशर दाखवणारा पंप यांचे पैसे आधीच बाजूला काढा.

तरीही जुनी सायकल बघायला गेलात, मित्राची किंवा दुसऱ्या कोणाची, तर स्टीलची पट्टी सोबत न्या. चेनच्या एका पिनवर शून्य धरा. नव्या चेनची पिन बरोबर 12 इंचांवर येते. दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन बदलायची. तीन मिलिमीटर गेली असेल तर कॅसेटही गेली समजा आणि तो खर्च किमतीतून वजा करायला सांगा. रिम ब्रेकची सायकल असेल तर रिमच्या कडेवरून बोट फिरवा. तिथे खोलगट लागलं तर चाकंही झिजली आहेत.