शब्दचर्चा : ठरवून घेतलेल्या विश्रांतीला काय म्हणावे?

पुण्यातील एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मासिकात पाळक (धर्मगुरू) आणि सेवक यांच्या विश्रांतीविषयी लेख यायचा आहे. विश्रांती हा ख्रिस्ती जीवनाचा आणि सेवेचाच भाग आहे, ती थकल्यावर नाइलाजाने नव्हे तर ठरवून घ्यायची असते, असे त्यात मांडायचे आहे. त्यासाठी ‘हेतुपुरस्सर विश्रांती’ हा शब्दप्रयोग चालेल का?

माझ्या मते चालू नये. मराठीत ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द बहुधा दोषारोपासाठी येतो: हेतुपुरस्सर दुर्लक्ष, हेतुपुरस्सर बदनामी. त्याच्या शेजारी विश्रांती ठेवली, तर कोणीतरी कामचुकारपणा केला असावा असाच वास येतो, आणि लेखाला तर नेमकी हीच अपराधी भावना दूर करायची आहे. ‘सुटी’मध्ये कामातून सुटणे आहे, ‘आराम’मध्ये शरीराचे सुख आहे आणि रोजंदारीवर जगणाऱ्यांच्या ‘खाड्या’त बुडालेली मजुरी आहे. या तिन्हींत काम एकीकडे आणि थांबणे दुसरीकडे राहते.

‘विसावा’ हा शब्द मात्र वाटेतला आहे. संस्कृत ‘विश्राम’ प्राकृतातून मराठीत आला, तेव्हा ‘ग्राम’चे ‘गाव’ आणि ‘नाम’चे ‘नाव’ झाले त्याच रीतीने त्यातील ‘म’चा ‘व’ झाला. पालखी पुण्यात येते तेव्हा रात्रीच्या वस्तीला आपण ‘मुक्काम’ म्हणतो आणि वाटचालीतल्या थांब्याला ‘विसावा’. तिथे वारी थांबत नाही, विसावा हाही वारीचाच भाग असतो. अंत्ययात्रेत तिरडी वाटेत खाली टेकवतात, त्या जागेलाही विसावाच म्हणतात. खांद्यावरचे ओझे थोडा वेळ उतरवणे आणि वाट न सोडणे, या दोन्ही गोष्टी एकत्र सांगणारा दुसरा शब्द मला तरी आठवत नाही.

मराठी पवित्र शास्त्रानेही, म्हणजे बायबलनेही, हाच शब्द जवळ केला आहे. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात प्रभू येशू कष्टी व भाराक्रांत जनांना ‘विसावा’ देऊ करतो आणि लगेच पुढच्या वचनात आपले जू घ्यायला सांगतो. म्हणजे हा विसावा जू टाकून पळालेल्याचा नव्हे. मार्काच्या सहाव्या अध्यायात प्रेषित सेवेहून परततात, लोकांच्या वर्दळीमुळे त्यांना जेवायलाही सवड मिळत नाही, तेव्हा तो त्यांना एकांती येऊन थोडा विसावा घ्यायला सांगतो. आपल्याला हव्या असलेल्या अर्थाचे याहून चांगले उदाहरण शोधायला नको.

‘ठरवून’ हा अर्थ विशेषणातून आणण्याचीही गरज नाही, कारण मराठीत तो क्रियापदातून येतो. विश्रांती मिळते, विसावा घेतात, पण शब्बाथ, म्हणजे आठवड्यातला विसाव्याचा पवित्र दिवस, ‘पाळतात’. जे व्रत, पथ्य आणि दिलेला शब्द यांना लागते तेच हे क्रियापद, आणि त्यात निश्चय व सातत्य आपोआप येते. ‘शब्बाथ’च्या मूळ हिब्रू धातूचा अर्थही थांबणे, काम बंद करणे असा आहे. कोकणातील बेने इस्राएल हे ज्यू लोक तेलगाळपाचा व्यवसाय करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. पाळलेल्या विसाव्याने एका समाजाला मराठीत नावच दिले.

आणखी एक गोष्ट लेखात यावी असे मला मनापासून वाटते. बायबलमधील ‘निर्गम’ या पुस्तकातील शब्बाथ पाळण्याची आज्ञा केवळ घरधन्यासाठी नाही. दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आतला परका यांनाही त्या दिवशी काम नसावे, असे ती सांगते. म्हणून ‘विसावा घेणे’ याच्याबरोबर ‘विसावा देणे’ हेही लिहावे. पाळकाने विसावा घ्यावा आणि त्याच रविवारी मंडळीच्या जेवणाची भांडी घासणाऱ्या मावशींना मात्र तो नसावा, हे त्या आज्ञेत बसत नाही.

तेव्हा मथळा ‘सेवेतील विसावा’ असा द्यावा आणि मजकुरात गरजेप्रमाणे ‘विसाव्याचा दिवस पाळणे’ असे लिहावे. ‘जाणीवपूर्वक’ हा शब्द एखाद्या ठिकाणी आला तर हरकत नाही, परंतु मथळ्यात तो नको.