सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं, ते होऊ द्यावं का?

प्रश्न : आमची छोटी एसयूव्ही पेट्रोलवरची, मॅन्युअल गिअरची आहे. द्वारका, मुंबई नाका अशा सिग्नलला न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन बंद होतं, क्लच दाबला की सुरू. सासरे म्हणतात, यानं सेल्फ लवकर जातो, गाडीत बसल्याबसल्या बटण दाबून हे बंद करत जा. हल्ली मात्र इंजिन आपणहून बंद होतच नाही. काय करावं?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, आधी तुमचा शेवटचा मुद्दा, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. इंजिन गरम होऊनही ही सोय चालत नसेल, तर पहिला संशय बॅटरीवर घ्या. बॅटरीत पुरेसा चार्ज नसला की गाडी इंजिन बंद करायचं टाळते. इंदिरानगर ते कॉलेज रोड एवढ्याच फेऱ्या, त्यात एसी, दिवे, फोनचं चार्जिंग. आल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला, बॅटरी भरायला वेळच मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये एसी जोरात असला तरीही इंजिन चालू राहतं, तो बिघाड नव्हे.

बॅटरी तपासून घ्या, आणि बदलायची वेळ आलीच तर दुकानदाराला स्पष्ट सांगा की ईएफबी किंवा एजीएम (अशा गाड्यांसाठीच्या दणकट बॅटऱ्यांचे हे दोन प्रकार), गाडीत मुळात जी होती तीच हवी. साधी बॅटरी बरीच स्वस्त मिळते आणि ‘काही फरक पडत नाही ताई’ असं सांगून ती बसवली जाते. याचा मला मनापासून राग येतो. सारखं चार्ज-डिस्चार्ज होणं साध्या बॅटरीला झेपत नाही, ती लवकर बसते आणि दोष मात्र या सोयीला लागतो. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर गाडीच्या संगणकात तशी नोंदही करावी लागते, तेही विचारा.

आता सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर. सासऱ्यांचं म्हणणं जुन्या गाड्यांसाठी बरोबर होतं. तुमच्या गाडीत तो जास्त वेळा फिरण्यासाठीच मजबूत केलेला असतो. काही गाड्यांत तर पट्ट्यावर चालणारा स्टार्टर-जनरेटरच इंजिन पुन्हा सुरू करतो. इंजिनाची झीज मुख्यतः सकाळच्या थंड स्टार्टला होते. सिग्नलला ते गरम असतं, तेलही आत पसरलेलं असतं. आपल्या सातपूरला बनणाऱ्या स्कॉर्पिओतसुद्धा मायक्रो हायब्रिड नावानं ही सोय २००८ च्या सुमारास आली होती.

पेट्रोल किती वाचतं? उभ्या गाडीचं छोटं इंजिन तासाला साधारण पाऊण लिटर पितं, म्हणजे मिनिटाला बारा मिलिलिटर. पुन्हा सुरू करायला लागणारं पेट्रोल दहाएक सेकंद इंजिन चालू ठेवण्याइतकं. म्हणून दीड मिनिटाच्या सिग्नलला फायदा आहे, दोन पावलं सरकून थांबणाऱ्या रांगेत नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे प्रमुख ली झेल्डिन यांनीही ही सोय लोकांना आवडत नाही म्हणून तिच्यावर टीका केली. लोकांना त्रास होतो हे मला मान्य आहे, पण द्वारकेला दुचाकीवर लेकराला घेऊन तुमच्या मागे उभ्या असलेल्या बाईच्या नाकात जाणारा धूर मला त्याहून मोठा वाटतो.

तेव्हा मोठ्या सिग्नलला ही सोय चालू राहू द्या. पाथर्डी फाट्याला संध्याकाळी गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात तेव्हा खुशाल बटण दाबा. बऱ्याच गाड्यांत पुढच्या वेळी गाडी सुरू केली की ही सोय आपोआप पुन्हा चालू होते. बॅटरी मात्र याच आठवड्यात दाखवा.