एकीकडून अकरा भ्रूण, दुसरीकडून दोन: अशा क्षेत्रात मुलीने जावे का?

प्रश्न: आमच्या दोन होल्स्टिन संकरित गाईंना भ्रूण प्रत्यारोपणासाठी सारखीच इंजेक्शने दिली. एकीकडून अकरा भ्रूण मिळाले, दुसरीकडून दोन, तेही निकृष्ट. बारावी विज्ञान शाखेत शिकणारी मुलगी हेच काम शिकायचे म्हणते. इतक्या बेभरवशाच्या कामात तिने पडावे का?
– एक पालक, फलटण तालुका

उत्तर: सप्रेम नमस्कार. ज्या फरकाने आपण धास्तावलात, तोच पाहून मुलीला हा विषय शिकावासा वाटत असेल, तर तिचा कल योग्य दिशेला आहे असे मी मानतो. कारण हा फरक आधी ओळखणे आणि शक्य तेवढा कमी करणे हेच या क्षेत्रातील पशुवैद्यकाचे खरे काम आहे.

गाय एरवी एका माजाला बहुधा एकच बीजांड सोडते. सुपरओव्ह्युलेशनमध्ये, म्हणजे एका माजाला अनेक बीजांडे मिळवण्याच्या उपचारात, एफएसएच हे संप्रेरक साधारण चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, उतरत्या मात्रेत देऊन एरवी विरून जाणारी अनेक फॉलिकल (अंडाशयातील बीजांड धरून ठेवणाऱ्या द्रवाच्या पिशव्या) वाढवली जातात. मग माजावर कृत्रिम रेतन करून सातव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय धुऊन भ्रूण मिळवले जातात आणि ते दुसऱ्या गाईंच्या गर्भाशयात ठेवले जातात; हेच भ्रूण प्रत्यारोपण. या संप्रेरकाचा अंमल काही तासच टिकतो, त्यामुळे इंजेक्शनची वेळ पाळावीच लागते. त्याहून नाजूक आहे ती सुरुवात. फॉलिकल लाटांनी वाढतात, आणि लाटेतील एक मोठे होऊन वरचढ ठरले असताना उपचार सुरू केला, तर बाकीची मागे पडतात. म्हणूनच माजानंतर आठव्या ते बाराव्या दिवसांदरम्यान, नवी लाट सुरू होण्याच्या बेताला पहिले इंजेक्शन देण्याचा प्रघात आहे. आपल्या गाईंना औषध सारखे मिळाले असेल, पण त्या दिवशी दोघींची अंडाशये एकाच अवस्थेत होती का, हे सोनोग्राफीशिवाय सांगता येत नाही.

शिवाय अंडाशयातील फॉलिकलची संख्या मुळातच गाईगणिक वेगळी असते. रक्तातील एएमएच संप्रेरकावरून तिचा अंदाज घेता येतो. नुकतीच व्यालेली, भरपूर दूध देणारी आणि अंगाने उतरलेली गाय सहसा चांगली दाता (भ्रूण देणारी गाय) ठरत नाही. उन्हाळ्याचा घाव तर अधिक खोल असतो: बीजांड पक्व होण्याच्या कितीतरी आधी त्याला उष्णतेची झळ पोहोचते, म्हणून हवा थंड झाल्यावरही काही आठवडे भ्रूणांचा दर्जा खालावलेलाच राहू शकतो.

धुतलेले द्रव गाळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना आणखी एक कसोटी असते. सातव्या दिवसाचा भ्रूण मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या भागाएवढा असतो. पेशींचा घट्ट पुंजका असलेला मोरुला आणि फलन न झालेले बीजांड यांत नवख्याची सहज गफलत होते. एका धुण्यातून सरासरी पाच-सात वापरण्याजोगे भ्रूण मिळतात असे म्हटले जाते, पण काही गाई एकही देत नाहीत. हे स्वीकारून पुन्हा कारण शोधण्याची चिकाटी मुलीत आहे का, ते आपणच जाणता.

मार्ग लांब आहे. नीट परीक्षेच्या गुणांवर माफसूच्या (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या) महाविद्यालयांत (नागपूर, मुंबई, शिरवळ, परभणी, उदगीर) प्रवेश, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची बीव्हीएससी अँड एएच ही पशुवैद्यकाची पदवी, आणि पुढे पशुप्रजनन विषयात दोन वर्षांची एमव्हीएससी ही पदव्युत्तर पदवी. केवळ प्रयोगशाळेची ओढ असेल, तर जैवतंत्रज्ञानातूनही वाट आहे. मात्र गाईवर प्रत्यक्ष उपचार करण्यासाठी पशुवैद्यकाची नोंदणी लागते, म्हणून माझा कौल पदवीलाच आहे. उरुळी कांचनची बाएफ ही स्वयंसेवी संस्था, कर्नालची एनडीआरआय (राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था) अशा मोजक्या संस्थांत हे काम चालते. जागा मर्यादित असल्या तरी पदवीमुळे पशुवैद्यकीय व्यवसाय हाताशी राहतोच. सोनोग्राफीच्या मदतीने थेट अंडाशयातून बीजांडे काढून प्रयोगशाळेत भ्रूण तयार करण्याची पद्धतही तिने पुढे अवश्य शिकावी. ब्राझीलमध्ये गीर गाईंवर ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

तूर्त तिला दोन्ही गाईंच्या विण्याच्या, माजाच्या आणि इंजेक्शनच्या तारखा, दूध व खुराक यांसह वहीत मांडायला सांगा, आणि ती वही घेऊन आपल्या पशुवैद्यकांसमोर बसू द्या.