मीटर ६२ हजारांचं, जॉबकार्ड १ लाख १८ हजारांचं: गाडी परत करता येईल का?

प्रश्न: मी सेलूचा (जि. परभणी), कृषी सेवा केंद्र चालवतो. डिसेंबर २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून मार्च २०१७ ची डिझेल गाडी ४ लाख ३५ हजारांना घेतली. ३ लाख त्याच्या खात्यावर आरटीजीएसने दिले, १ लाख ३५ हजार रोख. रोखीची पावती नाही. व्हॉट्सॲपवर ‘फक्त ६२ हजार चाललेली’ असं त्याने लिहिलं होतं, मीटरवरही ६२,३०० होते. गावचा मिस्त्री सोबत नेला होता. दोन महिन्यांत क्लच बसला, इंजेक्टर काढावे लागले, बॅटरी गेली. ३८ हजार गेले. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली तर त्यांच्याकडे ऑगस्ट २०२१ चीच नोंद १,१८,४०० किलोमीटरची निघाली. डीलर म्हणतो, ‘जशी आहे तशी घेतली’ या कागदावर तुमची सही आहे, जुन्या गाडीला खर्च निघणारच. आरसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर आहे. पैसे पतसंस्थेचं कर्ज काढून भरलेत. आता काय करू?

उत्तर: आधी भांडणाची जागा बदला. तुमच्या पत्रात निम्मा मजकूर क्लच आणि इंजेक्टरचा आहे, आणि डीलरला तेच हवंय. जवळपास नऊ वर्षांच्या डिझेल गाडीचा क्लच जाणं हा ‘दोष’ आहे हे सिद्ध करायला तज्ज्ञ लागतो, आणि समोरचा दुसरा तज्ज्ञ आणतो. ‘गाडी खराब निघाली’ म्हणू नका. ‘आकडा खोटा सांगितला’ एवढंच म्हणा. २०२१ मध्ये १,१८,४०० चाललेली गाडी २०२५ मध्ये ६२,३०० वर येऊ शकत नाही. हे ठरवायला इंजिन खोलावं लागत नाही, वजाबाकी पुरते.

पण त्या एका नोंदीवर विसंबू नका. जॉबकार्डावरचे, म्हणजे सर्व्हिसच्या नोंदीच्या कागदावरचे किलोमीटर सर्व्हिस ॲडव्हायझर हाताने टाकतो. समोरचा वकील पहिलं वाक्य हेच म्हणेल की १८,४०० च्या जागी चुकून १,१८,४०० पडलं. त्याला उत्तर म्हणजे आधीची जॉबकार्डं. २०१८, २०१९, २०२० अशा ओळीने आकडे चढत गेलेले दिसले की टायपिंगच्या चुकीचा बचाव उरत नाही. त्यात कुठे क्लच प्लेट किंवा सस्पेन्शनचे पार्ट बदलल्याची नोंद असेल तर आणखी चांगलं. १८ हजारांवर क्लच कुणी बदलत नाही. प्रत्येक कार्डावरचा १७ अक्षरांचा चेसिस नंबर आरसीशी आणि गाडीवर ठोकलेल्या नंबराशी ताडून बघा. सर्व्हिस सेंटरला लेखी अर्ज देऊन सही-शिक्क्याची प्रत मागा. गाडी दुसऱ्याच्या नावावर आहे म्हणून त्यांनी नकार दिला तरी हरकत नाही. अर्जाची पोच ठेवा. तुमची तक्रार जाईल त्या ग्राहक आयोगाला कागदपत्रं हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.

आणखी एक बचाव येऊ शकतो: मीटरचा पूर्ण संचच बदलला होता, म्हणून आकडा नव्याने सुरू झाला. असं खरंच होतं, पण मग तो बदलल्याचं बिल दाखवण्याची जबाबदारी त्याची. आणि बिल दाखवलं तरी ‘फक्त ६२ हजार चाललेली’ हे वाक्य खोटंच राहतं.

डीलरला पाठवायच्या नोटिशीत ‘गाडी दोन लाख किलोमीटरच्या वर चालली आहे’ असं रागाने लिहू नका. २०२१ नंतरची नोंद तुमच्याकडे नाही. ‘किमान १,१८,४००’ एवढंच लिहा. सिद्ध होतं तेवढंच मागितलं की बाकी मागणीला वजन येतं.

आकड्याने किमतीत किती फरक पडतो हे आयोगासमोर तुम्हालाच मांडावं लागेल, म्हणून वय, किलोमीटर आणि सर्व्हिस यांचा हिशेब समजून घ्या. मार्च २०१७ ते ऑगस्ट २०२१ म्हणजे ५३ महिने. १,१८,४०० भागिले ५३, म्हणजे महिन्याला २,२०० च्या वर, वर्षाला २६-२७ हजार. घरगुती गाडी साधारण १० ते १२ हजार चालते. ही बहुधा भाड्याने किंवा कामावर पळालेली गाडी आहे. उलट मीटरवर विश्वास ठेवला तर वर्षाला सात हजार. इतकं कमी फिरणाऱ्या माणसाने महाग पडणारी डिझेल गाडी का घ्यावी, ही शंका घेतानाच यायला हवी होती. नुसतं किलोमीटर जास्त असणं वाईट नसतं. दर १० हजारांना किंवा वर्षाला ऑइल-फिल्टर बदललेली, हायवेवर सव्वा लाख किलोमीटर चाललेली गाडी ही, सहा महिने पत्र्याच्या शेडखाली उभी राहणाऱ्या आणि रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतलेल्या ५० हजार चाललेल्या गाडीपेक्षा बरी निघते. आपल्याकडच्या जड पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार धरतो आणि इंजिन तापायला लागतं. तुमच्या गाडीची २०२१ नंतर चार वर्षं अधिकृत सर्व्हिसच दिसत नाही. किंमत पाडणारी ही दुसरी गोष्ट आहे, तीही लिहा.

याच मॉडेलची, त्याच सालची, पण सव्वा लाखाच्या पुढे चाललेली गाडी बाजारात किती जाते, याचे दोन लेखी अंदाज घ्या. एक मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा असावा. ४ लाख ३५ हजारांतून ती रक्कम वजा केली की तुमची मूळ नुकसानी निघते. ३८ हजारांतला क्लचचा आणि इंजेक्टरचा खर्च जोडा, कारण ६२ हजारांच्या गाडीला तो एवढ्यात आला नसता. बॅटरीचं बिल मात्र काढून टाका. बॅटरी वयाने मरते, किलोमीटरने नाही, आणि एक लंगडी मागणी बाकीच्यांनाही लंगडं करते.

आता ‘जशी आहे तशी’च्या कागदाकडे. त्या सहीने तुम्ही गाडीची झीज स्वीकारली, खोटं बोलणं नव्हे. करार कायदा १८७२ च्या कलम १७ प्रमाणे माहीत असलेली गोष्ट मुद्दाम दडवणं हा कपट आहे आणि कलम १९ प्रमाणे असा करार फसलेल्या पक्षाला रद्द करता येतो. तुम्ही मिस्त्री नेला होता, मग तपासलं का नाही, असं ते कलम १९ च्या अपवादावर बोट ठेवून विचारतील. तो अपवाद नीट वाचा: साध्या चुकीच्या निवेदनाला आणि गप्प राहून केलेल्या कपटाला तो लागतो. मीटर फिरवून त्या आकड्याची जाहिरात करणं हे गप्प राहणं नाही. शिवाय मिस्त्री धूर, आवाज, चेसिस बघतो. कंपनीच्या संगणकातली नोंद त्याला दिसत नाही.

‘मीटर आम्ही फिरवलं नाही, मालकाने फिरवलं असेल’ किंवा ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ असंही डीलर म्हणेल. आरटीजीएस त्याच्या खात्यात गेलाय, ‘फक्त ६२ हजार’ हा मेसेज त्याच्या नंबरवरून आलाय. मध्यस्थाची भाषा इथे चालत नाही. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये पोर्टलवर द्यावी लागते. त्यानंतर तोच मानीव मालक, म्हणजे कायद्याने मालक मानला जाणारा. ही दोन्ही कागदं नोटिशीत मागा. नसतील तर आरटीओकडे वेगळी तक्रार करता येते. आधीच्या मालकालाही तक्रारीत सामनेवाला (विरुद्ध पक्ष) करा, म्हणजे दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील तेव्हा दोघंही समोर असतील.

दावा परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात लावा. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, संभाजीनगरच्या चकरा नकोत. दिलेली किंमत ५ लाखांच्या आत असल्याने फी शून्य. मुदत दोन वर्षं. गाडी दुकानासाठी घेतली, व्यापारी वापर आहे, असा आक्षेप येईल. गाडी मुख्यतः घरासाठी असेल तर तसं शपथपत्रात स्पष्ट लिहा. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तूही कायद्याने ग्राहकाच्या व्याख्येत बसते. व्हॉट्सॲपचे नुसते फोटो देऊ नका. मूळ फोन जपा आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा.

रोखीचं काय? घाबरून ३ लाखच दिले असं लिहू नका. खरे ४ लाख ३५ हजारच लिहा आणि त्या दिवसाआधीची बँकेतून किंवा पतसंस्थेतून रक्कम काढल्याची नोंद, ठरलेल्या किमतीचा मेसेज, सोबत आलेल्या मिस्त्रीचं शपथपत्र जोडा.

परत की भरपाई, हे मात्र आठवड्याभरात ठरवा. गाडी परत द्यायची असेल तर ती उभी करा, आजचं रीडिंग तारखेसह व्हिडिओत घ्या आणि चालवणं थांबवा. खोटं कळल्यावरही महिनोन्महिने गाडी वापरली तर माल स्वीकारला असं धरलं जातं आणि हातात फक्त भरपाई उरते. माझा कल भरपाईकडे आहे. आयोगात कागदावर तीन महिने म्हणतात, प्रत्यक्षात बरेच जास्त जातात, आणि तोवर उभ्या गाडीचे टायर आणि बॅटरी तुमच्याच खर्चाने बसतील.

चालवणार असाल तर फॉर्म २९-३० भरून गाडी आधी नावावर करा. ३० दिवसांची मुदत उलटून गेलीय, दंड भरा. नावावर केल्याने फसवणुकीचा हक्क जात नाही, तसं एक वाक्य नोटिशीत घाला. विमाही बदलून घ्या. आज अपघात झाला तर तिसऱ्या व्यक्तीची भरपाई नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार प्रकरणात सांगितलंय, आणि तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते.

नोटीस स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, १५ दिवस द्या. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या ३१८(४) खाली फसवणुकीची तक्रार करता येते, पण तिथे व्यवहाराच्या वेळचा हेतू सिद्ध करावा लागतो, आणि ठाण्यात बहुधा ‘दिवाणी मामला आहे’ हेच ऐकायला मिळेल. आयोगाची तक्रार दाखल झाल्यावर तो मार्ग बघा. पतसंस्थेचा हप्ता मात्र चुकवू नका. तो करार वेगळा आहे आणि तिथे डीलरचं खोटं चालत नाही.

काढलेली क्लच प्लेट मिस्त्रीकडे अजून पडली असेल तर आजच आणा, तारखेच्या चिठ्ठीसह पोत्यात बांधून ठेवा. भंगारवाला गेला की ती परत मिळणार नाही.