हेवी मेटल या रॉक संगीतप्रकाराचा खरा बहराचा काळ कोणता?

माझ्या मते 1980 ते 1991. पण मुळं पाहायची तर 1970 मधल्या इंग्लंडच्या बर्मिंगहॅमला जावं लागतं. तिथल्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम त्याच वर्षी फेब्रुवारीत आला. त्यांचा गिटारिस्ट टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तो नेमका हाच हात! पठ्ठ्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं आणि पातळ तारा लावल्या. पुढे 1971 च्या अल्बमात त्याने काही गाण्यांसाठी गिटारचा सूर तीन अर्धस्वर खाली उतरवला. तारा सैल झाल्या, दाबायला सोप्या झाल्या आणि आवाज आणखी जड, खर्जातला झाला. पुढच्या कित्येक बँडनी हाच आवाज उचलला.

1980 च्या सुमारास ब्रिटनमध्ये आयर्न मेडन, सॅक्सन वगैरे मेटल बँडची नवी लाट आली. 1983 मध्ये क्वाएट रायट या बँडचा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. मेटलला तो मान पहिल्यांदाच मिळाला. त्यानंतर लॉस एंजेलिसच्या केस फुगवलेल्या बँडनी एमटीव्ही ही संगीतवाहिनी व्यापली. मला मात्र 1986 सर्वांत श्रीमंत वर्ष वाटतं: मेटालिका, स्लेयर आणि मेगाडेथ, तिघांचेही आजवर नावाजले जाणारे अल्बम त्याच वर्षी आले. 1991 च्या अखेरीस निर्वाणा हा बँड गाजला आणि रेडिओ-टीव्हीची पसंती त्यांच्या ग्रंज या खडबडीत रॉककडे वळली.