प्रौढ विद्यार्थ्यांना सोशल बुकमार्किंग वापरून गटाने संशोधन करायला कसं शिकवावं?

तुमच्या वर्गात चाळिशी-पन्नाशीची माणसं आहेत, लिंका व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येऊन पडतात आणि आठवड्याने कुणालाच सापडत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. नागपुरात मी संध्याकाळी असाच एक वर्ग घेतो. निवृत्त शिक्षिका, इतवारीतले दुकानदार, पुन्हा पदवीला बसलेल्या गृहिणी. सोशल बुकमार्किंग म्हणजे सापडलेल्या लिंका गटातल्या सगळ्यांना दिसतील अशा एका जागी साठवणं. त्यासाठी साधन कोणतंही घ्या, पण प्रत्येक लिंकेखाली "हे मी का ठेवलं" याचं एक वाक्य लिहायला लावा. माझ्या मते खरं शिकवणं तिथेच होतं.

आम्ही डीगो (Diigo) ही लिंका साठवायची वेबसाइट वापरतो. त्यात गट करता येतो, पानावरच्या ओळी रंगवता येतात, बाजूला चिठ्ठी चिकटवता येते. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल होता त्यांची जोडी मी लॅपटॉपवाल्यांशी लावली.

विषय मात्र त्यांच्या ओळखीचा हवा. आम्ही नाग नदी घेतली. सगळे रोज तिच्या पुलावरून जातात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा वर्गातल्या दोघांच्या घरात पाणी शिरलं होतं. ज्यांनी चिखल उपसलाय त्यांना पुरावर काय शोधायचं हे सांगावं लागत नाही, कसं शोधायचं तेवढं दाखवावं लागतं.

पहिले दोन आठवडे लिंकांचा नुसता ढीग झाला. एका बाईंनी खाली लिहिलं होतं, "चांगली माहिती." मी विचारलं, कुणाला चांगली, कशासाठी? त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग लिहिलं, "पूर कसा चढला ते यात आहे, पण तलावाच्या सांडव्याबद्दल काहीच नाही. कुणाला मिळालं तर जोडा." दुसऱ्या दिवशी त्याखाली एका दुकानदाराने सांडव्यावरची बातमी जोडलेली होती. त्या दोघांचं वर्गात तोवर कधी बोलणंही झालं नव्हतं. गटाने संशोधन म्हणजे काय, हे त्या दिवशी वर्गाला न सांगता कळलं.

या वाक्यांचा आणखी एक फायदा झाला. तीन पोर्टलवरच्या तीन बातम्या शेजारी-शेजारी आल्या, तेव्हा एकजण म्हणाले, "सर, हे तर एकाच ठिकाणचं उचललेलं दिसून राहिलं." खरंच वाक्य न् वाक्य तेच होतं. तीन स्रोत म्हणून मोजलेला प्रत्यक्षात एकच निघाला. व्हॉट्सअ‍ॅपवर हे कधीच लक्षात आलं नसतं.

टॅगची, म्हणजे लिंक पुन्हा सापडावी म्हणून तिला लावायच्या शब्दांची, यादी आधी देऊ नका, आधी गोंधळ होऊ द्या. आमच्याकडे नागनदी, नाग-नदी, नाग रिव्हर असे सगळे प्रकार झाले. मध्ये जागा सोडली की डीगो दोन वेगळे टॅग धरतो, म्हणून 'नाग' वेगळा आणि 'नदी' वेगळी झाली. शोधताना निम्मं हाती लागेना, तेव्हा फळ्यावर त्यांनीच बारा टॅग ठरवले. मी ठरवून दिले असते तर कुणी पाळले नसते. पवनीकडच्या एका बाईंनी 'गोसीखुर्द' हा तेरावा टॅग मागितला. शहराचं सांडपाणी नागेतून कन्हानला, तिथून वैनगंगेला आणि शेवटी त्यांच्याकडच्या गोसीखुर्द धरणात जातं, हे त्यांना घरचं म्हणून ठाऊक होतं. गटाचा अर्धा अभ्यास त्या टॅगमागे वळला, आणि तोच सर्वांत चांगला झाला.

एक काळजी पहिल्याच महिन्यात घ्या. ही साधनं कायमची नसतात. २००३ साली सुरू झालेलं डिलिशस हे असंच साधन २०१७ मध्ये पिनबोर्ड या दुसऱ्या साधनाने विकत घेतलं आणि त्यात नव्या नोंदी करणं थांबलं. लेख नंतर वाचायला साठवून ठेवणारं पॉकेट २०२५ च्या जुलैत बंद झालं. दर महिन्याला सगळ्या लिंका फाइलमध्ये उतरवून घ्यायचं काम पाळीपाळीने एकेकाला द्या. वर्तमानपत्रांची जुनी पानंही गायब होतात, म्हणून महत्त्वाचं पान वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या साइटवर) साठवून तो पत्ताही चिठ्ठीत लिहायला सांगा.

गट पाच-सहा जणांचाच ठेवा. आमचा आधी चौदा जणांचा होता, तेव्हा चौघं लिहीत आणि बाकीचे नुसते वाचत.