रुळावरून घसरून पडलेलं वाफेच्या इंजिनाचं मॉडेल दर फेऱ्याला अडकतंय. घरी दुरुस्त कसं करावं?

तुमचं इंजिन एचओ मापाचं (खऱ्याच्या १/८७), १६.५ मिमी रुळांवर विजेवर चालणारं, सहा मोठ्या चाकांचं आहे. वळणावर घसरून ते फरशीवर पडलं, आता चाकांच्या दर फेऱ्यात एकदा झटका घेतं, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या तुमच्या गावात ते उघडून बघणारं कोणी नाही. घरी दुरुस्त होण्यासारखं काम आहे. फक्त व्होल्टेज वाढवून ते रेटू नका. अडकलेल्या इंजिनाला जोर दिला की आधी चाकं जोडणारे दांडे वाकतात, मग प्लास्टिकच्या गिअरचे दात जातात.

सगळ्यात आधी फरशी झाडून केर पांढऱ्या कापडावर पसरा. क्रँक पिनचे (चाकावरच्या ज्या खुंटीत दांडा बसतो तिचे) स्क्रू, पिकअपच्या (चाकांवरून वीज घेणाऱ्या) पट्ट्या, स्प्रिंगा त्यात सापडतात. लोहचुंबकावर विसंबू नका, पितळ आणि जर्मन सिल्व्हर त्याला चिकटत नाही. उघडण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे जवळून फोटो काढा.

आता इंजिन उलटं करून खालची प्लेट काढा आणि एक्सल बघा. आपल्याकडे कापसाच्या दिवसांत घरभर तंतू उडतात. ते एक्सलवर आणि गिअरच्या कडेला गुंडाळले जातात, तेलात भिजून घट्ट दोरा होतो. चिमटा आणि सुईनं ओढून काढा. ब्लेड लावलंत तर सोबत पिकअपची पट्टी कापली जाईल.

मोटर गिअरपासून सुटी करा, ९ व्होल्टच्या बॅटरीवर फिरवून बघा. आत डीसीसी डिकोडर (डिजिटल नियंत्रणाचं छोटं सर्किट) असेल तर तो आधी काढून ठेवा, नाहीतर जळेल. मोटर एकसारखी फिरली तर दोष चाकांत किंवा दांड्यांत आहे. दर फेऱ्याला एकाच जागी अडकणं ही त्याचीच खूण.

यानंतर व्हर्नियरनं चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. १६.५ मिमी रुळांसाठी ते साधारण १४.५ मिमी हवं. एकाच जोडीवर तीन ठिकाणी मोजा. तिन्ही आकडे सारखे पण कमी असतील तर चाक एक्सलवर आत सरकलं आहे; आकडे वेगवेगळे आले तर चाक तिरपं बसलंय किंवा एक्सल वाकली आहे. सरकलेलं चाक सरळ रेषेतच ओढा, पिळून नाही. पिळलं की पुढची सगळी गणितं बिघडतात. (यवतमाळच्या शकुंतला या जुन्या छोट्या रेल्वेच्या ओढीनं हा छंद धरला असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगतो: तिचा ७६२ मिमी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १:८७ प्रमाणात ८.८ मिमीच्या आसपास येतो, म्हणजे त्या मॉडेलला ९ मिमीचे रूळ लागतील. तिथे हे १४.५ चं माप चालणार नाही.)

आता खरं दुखणं. डाव्या चाकाची क्रँक पिन उजव्या चाकाच्या पिनेपेक्षा ९० अंशांनी पुढे-मागे असते. खऱ्या इंजिनात एका बाजूचा पिस्टन टोकाला पोचून निर्बळ झाला की दुसऱ्या बाजूचा जोर देत असतो, त्यासाठी ही रचना. मॉडेलमध्येही, एकाच एक्सलला गिअर असेल तर बाकीची चाकं कपलिंग रॉडनंच, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यानंच, ओढली जातात. पडल्यावर एखादं चाक एक्सलवर दोन-तीन अंश फिरलं तरी दोन बाजूंचे दांडे एकमेकांशी भांडतात. कोन नेमका ९० नसला तरी निभतं, पण तिन्ही एक्सलवर तो अगदी सारखा हवा.

तपासणी अशी. दोन्ही बाजूंचे सगळे दांडे काढा. स्क्रू षट्कोनी डोक्याचे असतील तर नट ड्रायव्हरच वापरा, पक्कडीनं कडा झिजतात. मोटर सुटीच ठेवून प्रत्येक एक्सल बोटानं फिरवा. मग एका बाजूचा कपलिंग रॉड लावा; दांडा वाकलेला नसेल तर सगळं मोकळं फिरेल. दुसऱ्या बाजूचा लावल्यावर अडकलं तर कोनच चुकलाय. दांडा दोन तुकड्यांचा असेल तर दोन-दोन एक्सल जोडून बघा, दोषी जोडी लगेच कळते. गिअरची एक्सल प्रमाण धरा, तिला हात लावू नका. दोषी एक्सलचं एक चाक घट्ट धरून दुसरं केसभर फिरवा, दांडा लावून बघा, पुन्हा केसभर. जमलं की चाक आणि एक्सलच्या सांध्यावर सुईच्या टोकानं रिटेनिंग कंपाउंडचा (घट्ट बसवलेला सांधा पक्का धरणाऱ्या द्रवाचा) कण लावा. काही जण दांड्याचं भोक कानसून मोठं करतात. माझा त्याला ठाम विरोध आहे: दोष तसाच राहतो आणि दांडे खडखडायला लागतात.

वाकलेला दांडा काढून सपाट पोलादावर ठेवा, कागद मध्ये घेऊन गुळगुळीत पक्कडीनं दाबा. हातोडी नको. तालुक्याच्या सोनाराकडे याला योग्य पक्कड असते, घड्याळजीकडे बारीक स्क्रू ड्रायव्हर. जस्ताचा ओतीव भाग मात्र कधीच सरळ करायला जाऊ नका, तो तुटतोच. तुटलेला असेल तर एराल्डाइट लावा. फेव्हिक्विकच्या वाफेनं रंगावर पांढुरका थर धरतो. वरच्या बारीक व्हॉल्व्ह गिअरचा (खऱ्या इंजिनात वाफेची झडप हलवणाऱ्या दांड्यांचा) गोंधळ असेल तर न बिघडलेली बाजू नमुना म्हणून घ्या, पण दोन्हीकडच्या क्रँक पिना आळीपाळीनं एकाच जागी आणूनच तुलना करा.

एक्सलवरचा गिअर भिंगातून बघा. दातांच्या खाचेत चीर असेल तर दर फेऱ्याला टक् आवाज येतो. तो बदलावाच लागतो, त्या प्लास्टिकला गोंद धरत नाही.

तेल शिलाई मशीनचं, सुईच्या टोकावर मावेल एवढंच, फक्त एक्सलच्या बेअरिंगला. खोबरेल नको: २४ अंशांखाली ते थिजतं, डिसेंबरच्या सकाळी इंजिन हलणार नाही.

इंजिन घसरलं का, हेही शोधा, नाहीतर पुन्हा पडेल. रुळांच्या सांध्यांवरून नख फिरवा, पायरी लागली की तिथेच चाक चढतं. आपल्याकडे हिवाळ्यात १० अंश आणि मे महिन्यात ४५, एवढ्या फरकानं एक मीटर रूळ अर्धा मिमीहून जास्त वाढतो. थंडीत सांधे घट्ट बसवले असतील तर उन्हाळ्यात वळण फुगणारच. थंडीत रूळ टाकताना मीटरमागे अर्धा-पाऊण मिमी फट ठेवा. इंजिनाच्या पुढच्या छोट्या बोगीच्या (मोठ्या चाकांपुढच्या लहान चाकांच्या चौकटीच्या) चाकांमधलं अंतरही मोजा, ती हलकी पडत असेल तर शिशाचा तुकडा चिकटवा.

आधी मंद वेगात, दोन्ही दिशांना, दहा-दहा मिनिटं चालवा. आणि वळणाच्या बाजूला टेबलाच्या काठावर ५ सेंमी उंच प्लायवूडची पट्टी ठोका.